जळक्या बोर्डाला वास नव्हता

१

"आत्या, लगेच ये. बोर्ड जळालाय. दुकानभर वास सुटलाय नुसता."

फोनवर माझा भाचा होता. सगळा बाजार त्याला दादा म्हणतो, म्हणून मीही दादाच म्हणते. त्याच्या मागून कुणीतरी हुंदके देत होतं, आणि मध्येच ओरडणं ऐकू आलं, "तिला चिमटा आणायला सांग!" ती ठिणगी. दादाची धाकटी बहीण, माझी भाची. सोल्डरिंग गनने तळहात भाजला तेव्हासुद्धा ही पोरगी हसली होती. ती रडतेय म्हटल्यावर मी अंगावर होती त्याच साडीवर निघाले.

मी मदरबोर्ड दुरुस्त करते. आधी रेडिओ केले, मग टीव्ही, आता हे. कॉम्प्युटर उघडला की आत जी मोठी पाटी दिसते, जिच्यावर प्रोसेसर, मेमरी आणि बाकीचे सगळे बसलेले असतात, तो मदरबोर्ड. तो गेला की घरातलं कर्तं माणूस गेल्यासारखं होतं, बाकीचे नुसते बघत बसतात. दादा आणि ठिणगी दोघांनाही हे काम मीच शिकवलं. दादा फूटपट्टीचा मार खाऊन शिकला. ठिणगी मला मार द्यायला वेळच न देता शिकली.

दादाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दादा, ठिणगी, गिऱ्हाईक टीमचा कप्तान आणि कूलरवाला थंडोबा असे चौघे उभे होते, मयताला जमावेत तसे. टेबलावर मशीन आडवं पडलं होतं. बोर्डावर वीजपुरवठ्याच्या बाजूला बोटभर काळा डाग होता आणि तिथला एक भाग फुटून वर आला होता.

"मीच मारला," ठिणगी म्हणाली. डोळे सुजले होते. "काल संध्याकाळी व्होल्टेज अजून एक पायरी वर नेलं. तासभर चाललं, मी खूश होऊन घरी गेले. आज साडेनऊला बटण दाबलं तर काहीच नाही. आत्या, माझ्या हाताला काही कळत नाही गं. मी पुन्हा स्क्रूड्रायव्हर धरणार नाही."

"गप्प बस," मी म्हटलं. मला राग आला की मी आधी एवढंच म्हणते.

मी बोर्डावर वाकले. नंतर आणखी वाकले. मग नाक त्या काळ्या डागाला जवळजवळ टेकवलं.

मदरबोर्ड जळला की दोन दिवस त्याच्या आसपास जेवण जात नाही. काल रात्री किंवा आज सकाळी जळलेल्या या बोर्डाला धुळीचा वास येत होता. फक्त धुळीचा.

२

तो बोर्ड निवडताना झालेलं भांडण मला आठवत होतं. कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्यांच्या एका टीमला नवं मशीन हवं होतं. टीमच्या कप्तानाला दिवे लुकलुकणारा बोर्ड आवडला होता. दादा म्हणाला, मधल्या किमतीचा घ्या, वॉरंटीला बरा. ठिणगीने दोघांचे बोर्ड बाजूला सारले, एक साधा काळा बोर्ड उचलला आणि उलटा करून दाखवला. "दिवे काय चाटायचेत? याचं पोट बघा. प्रोसेसरला वीज पोचवणारे भाग बाकीच्यांच्या दुप्पट आहेत. याला मी पळवेन."

पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. कंपनीने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिला त्याच्या वर न्यायचं, आणि त्यासाठी थोडं जास्त व्होल्टेज पाजायचं. थोडं म्हणजे किती, हे ज्याला कळलं तो कलाकार. नाही कळलं तो भंगारवाल्याचा जिवलग मित्र. ठिणगीला कळतं. ती बोर्डाच्या आठवणीत तीन सेटिंगं नावं देऊन साठवून ठेवते. कमी वेगाचं शहाणी, मधलं हट्टी आणि सगळ्यात वरचं वेडी.

आज तीन वाजता स्पर्धेच्या परीक्षकांसमोर ते मशीन वेडीवर तासभर न अडखळता चालवायचं होतं. चाललं तर ठिणगी टीमची मुख्य मेकॅनिक होणार होती, दोन वर्षं, दूर. नाही चाललं तर स्वतःच्या हावरट ओव्हरक्लॉकिंगने टीमचं मशीन जाळणारी पोरगी म्हणून बाजारात नाव होणार होतं. आता साडेदहा वाजले होते.

मी आधी कप्तानाला बाहेर घेतलं. सडपातळ, सतत फोनकडे बघणारा माणूस.

"तुमच्याकडे दुकानाची किल्ली आहे म्हणे?"

"कालच घेतली, मॅडम. सकाळी लवकर मशीन उचलायचं ठरलं होतं. पण मी आलोच दहाला."

"आणि दोन दिवसांपूर्वी पर्यायी मशीन नोंदवलंत. थंडोबाचं."

तो चपापला. "खबरदारी म्हणून हो. अति तेथे माती, असं थंडोबाच म्हणत होता." मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू? काल ठिणगीने मला एक गोष्ट विचारली. तिचं मन थोडं डळमळत होतं. काय विचारलं ते तिनेच सांगावं."

हे माझ्या डोक्यात खिळ्यासारखं रुतलं.

थंडोबा कूलर विकतो आणि बसवतो. स्वभावही तसाच, घर पेटलं तरी आधी चहा पिईल. ठिणगीचं मशीन पडलं तर त्याचं मशीन तीन वाजता टेबलावर जाणार होतं.

"मी साडेआठला आलो, कूलरचे पाइप बघायला," तो म्हणाला. "पण मशीनला हात नाही लावला. दादाच म्हणाला, राहू दे, ठिणगी येऊन बघेल. काय जळका वास होता हो आत्या! डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"असं?"

"अगदी."

तेवढ्यात दारात भंगारवाला आला. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात मेलेल्या बोर्डांचं पोतं असतं, ते न्यायला. दादा पुढे झाला. "आज नको. उद्या या."

"अहो, तुम्हीच काल बोलावलंत! पोतं तुडुंब भरलंय म्हणालात."

"उद्या म्हटलं ना! घरात काय चाललंय दिसत नाही का?"

भंगारवाला कुरकुरत गेला. बिचाऱ्या दादाचं डोकं ठिकाणावर नाही, असं मला वाटलं आणि त्याची दया आली. त्या दयेची आता मला लाज वाटते.

३

मेलेल्या बोर्डाला बोलतं करायचं एक हत्यार आहे, आणि या बाजारात ते फक्त माझ्याकडे आहे. बोर्डावर मोहरीएवढ्या पायांची एक चिप असते. बोर्डाची आठवण तिच्यात राहते. वीज नसली तरी माझा चिमटा त्या चिपला लावायचा, दुसरं टोक लॅपटॉपला, आणि आत काय लिहिलंय ते वाचायचं.

"आता कशाला तो त्रास, आत्या?" दादा म्हणाला. "गेला तो गेला. तिला अजून रडवू नकोस."

"रडू दे. जिवंत माणसं रडतात."

मी चिमटा लावला. ठिणगी स्टुलावर बसून भिंतीकडे बघत होती. तिच्या टेबलावर नेहमीचा पसारा होता. प्रोसेसर बसतो ती खाच, म्हणजे सॉकेट, झाकायला नव्या बोर्डाबरोबर प्लॅस्टिकचं झाकण येतं. आत हजारभर केसासारख्या पिना असतात, एक वाकली तरी बोर्ड वाया. या झाकणांत ही पोरगी स्क्रू ठेवते! बाजूलाच दादाचा ड्रॉवर आहे, त्यात झाकणं ओळीने रचलेली. दोघं एकाच आत्याचे शिष्य, कुणाला पटणार नाही.

स्क्रीनवर चिपमधली आठवण उतरली. मी सेटिंगं शोधली.

शहाणी नव्हती. हट्टी नव्हती. वेडी नव्हती. कुणी कधी काही साठवलेलंच नव्हतं.

"ठिणगे, काल रात्री घरी जाताना सेटिंगं होती?"

"म्हणजे काय! तिन्ही होती. बॅटरी काढली तरी ती जात नाहीत." ती उठून माझ्या खांद्याशी आली आणि तशीच थांबली.

प्रत्येक बोर्डाला कारखान्यात एक जन्मक्रमांक मिळतो. तो चिपमध्येही असतो आणि बोर्डावरच्या स्टिकरवरही. परीक्षकांकडे गेल्या आठवड्यात नोंदवलेला क्रमांक कप्तानाच्या फोनवर होता. मी त्याला मोठ्याने वाचायला लावलं. बोर्डावरच्या स्टिकरशी तो अक्षर न् अक्षर जुळला.

चिपमधला क्रमांक वेगळा होता.

मी नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. तो आधीच सुटलेला होता, आणि खाली दुसऱ्या स्टिकरच्या डिंकाची रेघ होती.

 सकाळपासून ही पोरगी ज्या मयतावर रडत होती, ते मयत तिच्या घरचं नव्हतंच.

"हा तुझा बोर्ड नाही," मी म्हटलं. "कुणीतरी बदललाय."

४

 ठिणगीने टेबलाची कड घट्ट धरली होती. "म्हणजे मी... माझ्या व्होल्टेजने..."

"तुझ्या व्होल्टेजने काहीच जळलेलं नाही. हा बोर्ड कधीचा मेलाय, म्हणून वास नाही." मी थंडोबाकडे वळले. "तुमच्या डोळ्यांत पाणी कशाने आलं हो?"

तो लाल झाला. "म्हणजे... आता नीट आठवलं तर... तसा मला आला नव्हता वास. दादा म्हणाला, वास आहे, तर मला वाटलं माझंच नाक चोंदलंय."

मी कूलर सोडवायला घेतला.

कूलर आणि प्रोसेसर यांच्यामध्ये पेस्ट लावतात, उष्णता नीट वाहून जावी म्हणून. या मशीनचा कूलर चार दिवसांपूर्वी थंडोबाने बसवला होता, माझ्यासमोर. तो पेस्ट जुन्या कार्डाच्या कडेने भिंतीला रंग द्यावा तशी पसरतो, आणि तसं न करणाऱ्यांना अडाणी समजतो. मी कूलर वर उचलला. पेस्ट मधोमध दाट होती आणि कडांकडे गोल गोल विरळ होत गेली होती. कुणीतरी एकच थेंब ठेवून वरून दाबला होता.

"हे माझं काम नाही!" थंडोबा ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो गरम झाला होता. "असलं गचाळ काम मी मेलो तरी करणार नाही!"

मला ते माहीत होतं. कप्तानाचंही नव्हतं. तो स्वतःच्या मोबाइलचं कव्हर दुसऱ्याकडून काढून घेतो. एक थेंब, बरोबर मध्यावर, मुगाच्या दाण्याएवढा. हे शिक्षण फक्त आमच्या घरात आहे, आणि ते देणारी मी आहे.

 दादा की ठिणगी? ठिणगीचं मन काल डळमळत होतं, असं कप्तान म्हणाला होता. जायची भीती वाटून पोरीने स्वतःच हे नाटक रचलं असेल का? हे रडणंसुद्धा? मी तिच्याकडे बघितलं आणि तिने माझ्याकडे, आणि माझा संशय तिने ओळखला. तिचा चेहरा असा पांढरा पडला की मी लगेच मान वळवली.

वळलेली नजर कोपऱ्यातल्या पोत्यावर पडली. तुडुंब भरलेलं पोतं. आज नको, उद्या या.

५

मी पोतं जमिनीवर पालथं केलं.

"आत्या, ते कशाला उपसतेस?" दादाचा आवाज चिरकला.

मेलेले बोर्ड खळखळत पडले. काही मोडलेले, काही गंजलेले, सगळ्यांची सॉकेटं उघडी, पिना तुडवलेल्या. भंगाराला कोण जपतं? बोर्ड बाजूला करता करता तळाशी फुग्यांच्या प्लॅस्टिकची एक नीट गुंडाळी लागली. मी ती उलगडली. आत काळा बोर्ड होता, ठिणगीने निवडला होता तसाच, धुळीचा कणही नसलेला. त्यावरचा क्रमांकाचा स्टिकर काढून नेलेला होता.

आणि सॉकेटवर झाकण होतं. चारही कोपऱ्यांत नीट दाबून बसवलेलं.

मी तशीच खाली बसले. फूटपट्टीचा आवाज माझ्या कानात वाजला. तेरा वर्षांचा दादा, पुढे केलेला हात, आणि मी ओरडतेय, "चहा प्यायला उठलास तरी सॉकेट उघडं ठेवायचं नाही! बोर्ड आपला असो, परक्याचा असो, झाकण!" पट्टी खाऊन खाऊन ते त्याच्या हातात मुरलं. ठिणगी आजतागायत झाकणांत स्क्रू ठेवते. भंगारात फेकलेल्या बोर्डाला झाकण घालणारा हात जगात एकच होता, आणि तो मी घडवला होता.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

"दादा," मी म्हटलं. 

६

त्याने नाही म्हटलं नाही. दाराच्या चौकटीला टेकून तो हळूहळू खाली बसला.

"सातला आलो होतो. तो जळका बोर्ड, अगदी हिच्यासारखाच, एका गिऱ्हाइकाने महिन्यापूर्वी टाकून दिलेला, ही तेव्हा दुकानात नव्हती. हिचा बोर्ड खरंच जाळायचा, असं आधी ठरवलं होतं, आत्या. चुकीची एक वायर जोडली की संपलं असतं. पण हात उचलेना. एवढा चांगला बोर्ड..." त्याने तोंड पुसलं. "मग बदलून ठेवला. भंगारवाला आज येणार हे डोक्यातूनच गेलं."

"का पण?" मी विचारलं. "बोर्ड जाळवला नाही तुला, आणि बहीण सकाळपासून जळतेय ती दिसली नाही?"

"अकरा वर्षं दुकान चालवतोय मी. गिऱ्हाईक आत येतं आणि विचारतं, ठिणगी आहे का? दादा आहे का, असं आजवर एकाने विचारलेलं नाही. ती गेली की या शटरच्या आत काय राहतं?"

मी त्याच्या थोबाडीत मारणार होते. हात वरही गेला होता. पण ठिणगी मध्ये आली. तिने भावाकडे बघितलंही नाही. माझ्या मांडीवरचा बोर्ड घेतला, झाकण काढलं, दिव्याखाली धरून पिना तपासल्या. एकही वाकलेली नव्हती.

"बारा वाजत आलेत," ती म्हणाली. "आत्या, स्क्रू."

ती जोडत होती आणि मी हातात सामान देत होते. जळक्या बोर्डावरचा स्टिकर सोडवून मी परत या बोर्डावर चिकटवला. प्रोसेसर बसवताना तिने दोनदा हात मागे घेतला, तिसऱ्यांदा ठेवला. पेस्टचा एक थेंब मधोमध टाकला. थंडोबाने तोंड वाकडं केलं, पण पाइप धरून उभा राहिला.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडद्यावर तीन नावं आली.

"शहाणीवर चालवून बघ आधी," मी म्हटलं.

"नाही." तिने वेडी निवडलं. सकाळपासून ज्या व्होल्टेजने तिला खुनी ठरवलं होतं, तेच. आम्ही सगळे आकड्यांकडे बघत उभे राहिलो. पाच मिनिटं. दहा. वीस. मशीन एकदाही अडखळलं नाही. तिने तळहात उलटा करून स्वतःच्या बोटांकडे बघितलं, परत मिळालेली वस्तू बघावी तसं.

मग ती पहिल्यांदा भावाकडे वळली. "दादा, काल मी कप्तानाला काय विचारलं, माहितेय? दोन वर्षं कायमची येण्याऐवजी महिन्यातले आठच दिवस आले तर चालेल का. बाकीचे दिवस दुकानात. तू एकटा पडशील म्हणून."

दादाने वर बघितलं. त्याचा चेहरा मला बघवला नाही.

"मी हो म्हटलं होतं," कप्तान पुटपुटला. "चालेल म्हटलं होतं."

"कालचं विसरा," ठिणगी त्याला म्हणाली. "मी पूर्ण दोन वर्षं येते."

तिने मशीन उचललं. जड होतं. दादा सवयीने उठला आणि खालून हात लावला. तिने त्याचा हात झटकला नाही, पण गाडी निघाली तेव्हा मागेही बघितलं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला. मशीन तासभर पळालं होतं. मी तो दादाला वाचून दाखवला. तो काउंटरमागे बसला होता, मुठीत ते झाकण. इतका वेळ दाबून धरल्याने तळहातावर चौकोन उमटला होता. माझा राग गेला नव्हता. पण त्याला तसं एकट्याला टाकून जायला माझे पाय तयार होईनात.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक काखेत बोर्डाचा डबा घेऊन आत आलं.

"ठिणगी आहे का?"

दादाने मान वर केली नाही. मीच उत्तर दिलं.

"ती गेली. दादा आहे."